काकूंचं पोट आणि सभापतींची गाडी

माणसाच्या ज्ञानाचा अंतिम आधार तर्क की अनुभव, हा तत्त्वज्ञानातला फार जुना वाद आहे आणि मोठमोठ्या माणसांनी त्यात आयुष्यं घालवली आहेत. आमच्या अमरावतीत तो केव्हाच निकालात निघाला होता. ज्ञानाचा अंतिम आधार म्हणजे सरांच्या बायकोचं पोट.

सर आमच्या महाविद्यालयात तर्कशास्त्राचे विभागप्रमुख होते. ते प्रमुख आणि मी उरलेला विभाग. त्यांना गाडी चालवता येत नव्हती, शिकण्याची इच्छा नव्हती, आणि कॉलेजला ते सायकलवर येत. पायाला क्लिप लावून, विजारीची कड सायकलच्या साखळीपासून वाचवत. तरीही अमरावती-अकोल्याकडे ज्याला मोठी गाडी घ्यायची असे, तो शोरूममध्ये सही करण्याआधी सरांच्या घराची पायरी चढे.

याची सुरुवात गणिताच्या एका प्राध्यापकांपासून झाली. त्यांनी उंच अशी जीपगाडी घेतली आणि विभागाविभागांतून माणसं गोळा करून बडनेऱ्यापर्यंत फेरी मारून आणली. बाकीच्यांनी गाडीच्या ताकदीबद्दल चांगलं मत दिलं. सर मागच्या सीटवरून उतरले आणि म्हणाले, "गाडी चांगली आहे. तुमची आई हिच्यात एकदाच बसन." आई खरोखर एकदाच बसली. चढताना मुलगा आणि सून यांनी वर ढकललं, उतरताना शेजारच्यांनी खाली घेतलं, आणि ते सगळं गल्लीने पाहिलं. त्या माउलीने पुन्हा त्या गाडीकडे मान वळवली नाही. तेव्हापासून सरांचा शब्द हा गाड्यांच्या बाबतीत शेवटचा झाला.

गाडीचं बॉनेट त्यांनी कधी उघडायला लावलं नाही. विक्रेता इंजिनाबद्दल बोलू लागला की ते सभ्यपणे त्याचं बोलणं संपण्याची वाट पाहत आणि मग विचारत, की ज्याला ही घ्यायची आहे तो स्वतः चालवणार आहे का. उत्तर बहुधा नाही असं असे. त्या किमतीची गाडी घेणारा माणूस आमच्याकडे ड्रायव्हर ठेवतो. मग सर म्हणत, इंजिन ड्रायव्हरले दाखवा, आपण दरवाजा पाहू.

दरवाजावर त्यांचा एक पूर्ण सिद्धांत होता. गाडी बसण्यासाठी घेतात हा लोकांचा गैरसमज आहे, असं त्यांचं म्हणणं. "मानूस गाडीत बसते ते कोनी पाहत नाई," ते म्हणत. "उतरते ते सारं गाव पाहते." म्हणून ते घेणाऱ्याला शोरूमच्या फरशीवर पुन्हा पुन्हा उतरायला लावत आणि स्वतः समोर, गाव जिथे उभं असतं तिथे, हात मागे बांधून उभे राहत. आधी बूट बाहेर आला तर गाडी उत्तम. आधी डोकं आलं तर चालण्यासारखी. आधी पोट आलं तर ते मान हलवत, आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळे. दरवाजा एका हाताने, मागे न पाहता लागला पाहिजे. मागे वळून, दोन हातांनी लावावा लागणारा दरवाजा माणसाची निम्मी प्रतिष्ठा तिथेच खातो, असं त्यांचं मत होतं आणि मला ते अजून खोडता आलेलं नाही.

दुसरी परीक्षा ताकाची. घेणाऱ्याला पांढरे कपडे घालून यायला सांगायचं, मागे बसवायचं, हातात काठोकाठ भरलेला ताकाचा पेला द्यायचा आणि वलगावच्या रस्त्याला लागायचं. तिसरी परीक्षा अकोल्याची. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन हे त्यांच्या प्रयोगशाळेतलं एक उपकरण होतं. भर दुपारी गाडी उन्हात उभी करून, काचा लावून, एसी बंद ठेवून ते आत जाऊन बसत. किती वेळात माणसाला आपल्या निर्णयाचा पश्चात्ताप होतो, ते त्यांना पाहायचं असे. एका शोरूमच्या व्यवस्थापकाने घाबरून पोलिसांना फोन केला होता. पोलीस आले, सरांना ओळखून नमस्कार केला, आणि साहेबांसाठी कोणती घ्यावी ते विचारून गेले.

ती वर्षं आमच्या भागासाठी वाईट होती. कपाशी हाती येत नव्हती, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या गेलेल्या शेतकऱ्याचं नाव असे, ते आम्ही चहाबरोबर वाचत नसू. त्याच पानावर खाली नव्या गाडीची जाहिरात असे. ज्या वर्षांत वऱ्हाडात काही पिकलं नाही त्या वर्षांत इथे मोठ्या गाड्या इतक्या कशा खपल्या, हा प्रश्न अर्थशास्त्र विभागाकडे आम्ही मांडला होता. त्यांनी तो समितीकडे पाठवला.

पिकांची पाहणी करायला सरकारी पथकं यायची. एकदा एका पथकाबरोबर माहिती सांगायला म्हणून कॉलेजने सरांना आणि मला पाठवलं. गाड्या गावामागून गाव घेत गेल्या. आतल्या साहेबांनी काच खाली न करता कपाशी पाहिली आणि काच खाली न करता माणसं पाहिली. संध्याकाळी विश्रामगृहात एका साहेबांनी सौजन्याने सरांना विचारलं की दिवस कसा गेला. सर म्हणाले, "गाडी फार चांगली आहे. आत बसलं की भायेरचं काईच समजत नाई." साहेबांना तो गाडीचा गौरव वाटला. त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं.

आता मुख्य परीक्षेकडे येतो. वरच्या साऱ्या चाचण्या पार केलेली गाडी शेवटी चिखलदऱ्याचा घाट चढत असे, आणि तिच्या सगळ्यात मागच्या सीटवर सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, बसलेल्या असत. काकूंना लहानपणापासून गाडी लागायची. गाडी झुलणारी असली तर परतवाडा सोडून रस्ता वळणं घेऊ लागला की त्यांचा चेहरा आधी पांढरा, मग पिवळा आणि मग कच्च्या संत्र्यासारखा होई. वर पोचेपर्यंत त्यांना मळमळलं नाही तर गाडी पास. वर गेल्यावर, कुणी उतरण्याआधी, सर मागे वळून एकदाच विचारत, "कसं काय?" काकू सांगत. त्यावर फेरविचार नसे. शोरूमवाले चाकांच्या वरच्या स्प्रिंगांबद्दल आणि तंत्रज्ञानाबद्दल बोलू लागले की सर म्हणत, "आमच्या घरच्याईचं पोट खोटं बोलत नाई."

या कामाचा मोबदला ते घेत नसत. पण माझा एक अंदाज आहे. सहलीला जाणं हे सरांना तत्त्वतः मान्य नव्हतं. परीक्षेला जाणं मान्य होतं. त्यामुळे काकूंनी संसारात जे काही पाहिलं, कौंडण्यपूर म्हणा, चिखलदरा म्हणा, ते दुसऱ्याच्या न घेतलेल्या गाडीतून पाहिलं. मी एकदा त्यांना विचारलं होतं की चिखलदरा आवडतं का. त्या म्हणाल्या, "वरचं आवडते. खालचा रस्ता कसा आहे ते तुमीच सांगा, माये डोये मिटूनच असतात."

सभापती आले ते एका बाजार समितीचे होते. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि मागे नेहमी दोन माणसं, जी सभापती हसले की हसायची. विरोधी गटाच्या माणसाने नवी गाडी आणली होती आणि निवडणूक तोंडावर होती. त्याच्यापेक्षा वरची हवी होती, पण फार वरची नको. फार वरची घेतली की लोक बोलतात. अकोल्याच्या शोरूममधून त्यांच्यासाठी जी गाडी आली तिला जाहिरातीत 'प्रीमियम मिडसाइज' म्हटलं होतं.

"मधल्या आकाराची," सर कागद वाचून म्हणाले. "कोनाच्या मधली?"

गाडी घेऊन आलेल्या विक्रेत्याला या प्रश्नाची सवय होती, कारण तो अन्वर होता, आमचाच जुना विद्यार्थी. अचलपूरचा. घरची संत्र्याची बाग होती. पाणी खोल गेलं, झाडं उभ्याउभ्या वाळली, आणि तर्कशास्त्राच्या पदवीवर त्याला अकोल्यात गाड्या विकण्याची नोकरी मिळाली. कॉलेजात असताना तो वसतिगृहाच्या जेवणाला कंटाळून सरांकडे येऊन जेवत असे. काकूंना तो काकी म्हणायचा आणि त्यांच्या हातच्या पाटोडीच्या रश्शाबद्दल त्याची ठाम मतं होती.

सभापतींनी सरांना सांगून टाकलं, "सर, तुमी पास म्हना, मी उद्याच घेतो. नाई म्हना, त्या शोरूमची पायरी चढनार नाई." मागची दोन्ही माणसं कौतुकाने हसली.

उतरण्याच्या परीक्षेत सभापतींचा बूट आधी बाहेर आला. ताकाचा एक थेंब सांडला, पण तो सरांनी रस्त्याच्या नावावर टाकला. मग आम्ही चिखलदऱ्याला निघालो. सभापती पुढे, सर आणि मी मध्ये, काकू सगळ्यात मागे, आणि अन्वर चालवत. सभापतींच्या माणसांना परीक्षेत जागा नव्हती. त्यांना अमरावतीतच सोडताना सभापती थोडे एकटे दिसले.

परतवाड्याला चहासाठी थांबलो. सभापती ओळखीच्या लोकांसमोर पुन्हा पुन्हा उतरून दाखवत होते. हॉटेलच्या बाकावर काकूंनी अन्वरला घरच्यांचं विचारलं, आई कशी, धाकटी बहीण काय करते. आणि विचारता विचारता सगळं बाहेर आलं. या महिन्यात त्याच्या हातून एकही गाडी विकली गेली नव्हती. गेल्या महिन्यातही नाही. व्यवस्थापकाने सांगितलं होतं की सभापतींची ही गाडी गेली तर ठीक, नाही तर पहिल्या तारखेपासून यायची तसदी घेऊ नको. घरात पगार म्हणून येणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि बहिणीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष त्यावर उभं होतं. त्याने हे मदत मागण्याच्या सुरात सांगितलं नाही. काकूंनी विचारलं म्हणून सांगितलं, आणि वर म्हणाला, "सरले नका सांगू काकी. त्याईचं काम त्याईले करू द्या."

सर शेजारच्याच बाकावर वर्तमानपत्र वाचत होते. पान त्यांनी बराच वेळ उलटलं नाही.

घाट लागला. अन्वर गाडी अशी नेऊ लागला की जणू आत अंडी ठेवली आहेत. सर म्हणाले, "अन्वर, सभापतीचा ड्रायव्हर जशी चालवन तशी चालव." अन्वरने वेग वाढवला. मला त्या क्षणी सरांचा राग आला. गाडी वळणावर झुलत होती. बाहेरून भारदस्त दिसणारी ती वस्तू आतून पाळण्यासारखी होती, आणि पाळणा घाटात चांगला नसतो. अन्वरची नजर वरच्या आरशात जात होती. सर पुन्हा म्हणाले, "रस्त्याकडं पाय." त्यांनी स्वतः मागे पाहिलं नाही, मी पाहिलं. काकूंच्या हातात लिंबाची फोड होती. चेहरा पांढरा होऊन गेला होता, पिवळा होऊन गेला होता. डोळे मिटलेले नव्हते. नेहमी मिटलेले असत. त्या दिवशी त्या समोरच्या सीटच्या पाठीकडे एखाद्या माणसाकडे पाहावं तशा टक लावून पाहत होत्या.

सभापती अधूनमधून मान वळवत. "वैनी, बरं आहे ना?" काकू हात हलवत. बोलत नव्हत्या. तोंड उघडण्याचा धोका त्या पत्करत नव्हत्या, हे मला कळत होतं.

वर आल्यावर गाडी पंचबोल पॉइंटपाशी थांबली. इथे दरीत आवाज दिला की तो पाच वेळा परत येतो असं म्हणतात. कुणी दरवाजाला हात लावला नाही. अन्वरने इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवले. सर मागे वळले. त्यांनी काकूंकडे पाहिलं. बायकोचा तो रंग त्यांनी त्याच घाटाच्या माथ्यावर कितीतरी गाड्यांत पाहिला होता, आणि त्यातली एकही पास झालेली नव्हती.

"कसं काय?"

काकूंनी आधी आवंढा गिळला. "काई नाई झालं," त्या म्हणाल्या. "मस्त आली गाडी."

सर मग पुढे वळून म्हणाले, "सभापती, उतरा. तुमाले एक जागा दाखवतो."

सरांना निसर्गात रस आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. चिखलदऱ्याला ते इतक्या वेळा आले होते आणि दरीच्या काठाशी कधी गेले नव्हते. आता त्यांनी सभापतींचा दंड धरला आणि त्यांना थेट कठड्यापर्यंत नेलं. काकू दुसऱ्या बाजूने उतरल्या आणि मक्याची कणसं भाजणाऱ्याच्या पत्र्याच्या शेडमागे जवळजवळ पळत गेल्या. मी पाण्याची बाटली घेऊन मागे गेलो. अन्वर माझ्याआधी पोचला होता.

कठड्याकडून सरांचा आवाज येत होता. वर्गात ते इतक्या हळू बोलत की मागच्या बाकांवरची पोरं निवांत झोपत. "सभापती, आवाज द्या."

सभापती संकोचाने "ओ" म्हणाले. दरीनेही संकोचानेच उत्तर दिलं.

"असं नाई. नाव घ्या. जोरात."

सभापतींनी स्वतःचं नाव घेतलं. ते परत आलं. त्यांना आवडलं.

"आता पदासकट."

इकडे शेडमागे काकूंचं चाललं होतं, आणि त्याला जो आवाज होता तो चांगल्या दिवशी दरीपलीकडे गेला असता. सभापतींनी पदासकट नाव घेतलं. दरीने नाव परत केलं, पद ठेवून घेतलं. सर म्हणाले ऐकू आलं नाही, पुन्हा. मग तालुक्यासकट. मग समितीचं पूर्ण नाव. माणसाला आपलं नाव इतक्या मोकळेपणाने घेण्याची संधी सहसा मिळत नाही, आणि सभापती ती घेत होते. एकेका आवाजाच्या आडोशाने काकू मोकळ्या होत होत्या.

अन्वर त्यांच्याशेजारी उकिडवा बसला होता. त्याचा चेहरा काकूंपेक्षा वाईट दिसत होता. "काकी, हे बरोबर नाई," तो म्हणाला. "मी सांगतो सभापतीले."

काकूंनी चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. "तू काय सांगशीन? पोट मायं आहे का तुयं?"

"पन सरचा शब्द..."

"सरचं सर पाहून घेतीन. तू तिकडं गाडीपाशी जाऊन उभा राय. आन हासत राय."

तो गेला. गाडीला टेकून उभा राहिला आणि हसला. ते हसू इतकं वाईट होतं की सभापतींच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने व्यवहार तिथेच मोडला असता. पण सभापती आपल्याच आवाजाने प्रसन्न होऊन परतत होते.

निकाल सर नेहमी रीतसर देत. तसा त्यांनी दिला. गाडीच्या समोर उभे राहून, हात मागे बांधून, वर्गातल्या पुस्तकी मराठीत ते म्हणाले, "ज्या गाडीत हिला मळमळत नाही, ती गाडी चांगली. या गाडीत हिला मळमळलेलं नाही. सबब, ही गाडी चांगली."

सभापतींनी त्यांच्या पायाला हात लावला. अन्वरने दुसरीकडे मान वळवली.

मी सरांकडे पाहत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण थोड्या वेळाने, सभापती फोनवर आपल्या माणसांना बातमी सांगत असताना, माझ्या बाजूला येऊन हळू म्हणाले, "आपण पहिल्या वर्षाले काय शिकवतो?" उत्तर त्यांनीच दिलं. "विधानं दिलेली असतात," ते म्हणाले. "ती खरी का खोटी हे पाहनं आपल्याकडं नाई. निष्कर्ष बरोबर निघते का नाई, तेवढंच आपल्याकडं." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला. पहिल्या वर्षाला आम्ही खरोखर तसंच शिकवत असू. फक्त ते शिकवताना सरांना कधी चष्मा पुसावा लागल्याचं मला आठवत नाही.

नंतरचं फारसं काही नाही. सभापतींनी गाडी घेतली आणि ते निवडूनही आले. ते कायम पुढे बसत. मागे कार्यकर्ते बसत, आणि कार्यकर्त्यांच्या पोटाची चौकशी कुणी केली नाही. अन्वरची नोकरी टिकली, बहीण नर्स झाली. सरांनी त्या दिवसानंतर एकही गाडी तपासली नाही. लोक येत राहिले. सर त्यांना चहा देत आणि म्हणत की आता वय झालं. कुणाचं, ते सांगत नसत.

त्या दिवशी परत निघताना मात्र काकूंनी गाडीत बसायला नकार दिला. परतवाड्याला बहिणीकडे जायचं आहे, असं त्यांनी सभापतींना सांगितलं. परतवाड्याला त्यांची बहीण नव्हती. सभापतींनी फार आग्रह केला, सोडून देतो म्हणाले, काकू ऐकेनात. मग सर आणि मीही त्यांच्याबरोबर एस.टी.ने निघालो. गाडी गच्च भरलेली होती, एका खिडकीला काच नव्हती, आणि ड्रायव्हर घाट उतरताना मागे वळून कंडक्टरशी भांडत होता. काकूंना मागच्या चाकावरची सीट मिळाली. तिथे बसून त्यांनी चिखलदऱ्याची द्रोणभर रबडी खाल्ली आणि परतवाडा येईपर्यंत गाढ झोपल्या.